साडेअकरा इंच

‘काका, फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहितेय.’

अशी त्या पत्राची सुरुवात होती. एका पानाचं पत्र, निळ्या शाईतलं. लिहिणारी माझ्या मित्राची मुलगी. ती दुसऱ्या शहरात नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते, त्यामुळे तिचं अक्षर बारीक आणि रेघेवर बसलेलं. पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पुढे तिने लिहिलं होतं: ‘माझ्या रक्तात बाबांसारखंच कोलेस्टेरॉल निघालंय. मी एक्केचाळीसची, अंगानं बारीक, तरी निघालं. डॉक्टर म्हणतात हे घराण्यातूनच आलंय, नुसत्या पथ्याने एवढं उतरणार नाही, रोज गोळी घ्यावी लागेल. आई म्हणते, बाबांना तुम्ही गोळी घे म्हणून खूप समजावलंत, पण ते हट्टी, त्यांनी सोडली. मला मात्र बाबा तेव्हा फोनवर वेगळंच म्हणाले होते. म्हणाले, चष्म्याने कागद वाचलाय, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, त्याने नको म्हटलंय. काका, दोन्हीतलं खरं कोणतं? तुम्ही अजूनही नको म्हणत असाल तर मी घेणार नाही. घे म्हणालात तर घेईन. पण खरं काय ते सांगा.’

चष्मा म्हणजे मी. छापखान्यात मला सगळे चष्माच म्हणत. तिच्या वडिलांना भोंगा.

उत्तर मी लिहिलंच नाही असं नाही. सात वेळा लिहिलं. लिहून झालं की सवयीने लाल पेन घेऊन वाचायला बसायचो आणि खोडत सुटायचो. ‘गोळी बंद करण्यात आली’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. कोणी बंद करायला लावली, ते त्यात नव्हतंच. ते खोडलं. ‘तुझ्या बाबांनी माझं मत विचारलं’ हे खरं होतं, ते ठेवलं. पण त्याच्या पुढे काय लिहायचं? तिथे येऊन हात थांबायचा. मग मी कागदाची घडी करून पुस्तकात ठेवून द्यायचो आणि स्वतःला सांगायचो की आणखी नीट विचार करायला हवा. विचार करण्याच्या नावाखाली माणूस किती दिवस काढू शकतो याला काही मोजमाप नाही.

भोंगा आणि मी सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसलो. आमचं काम प्रुफं वाचण्याचं. आमच्या छापखान्यात हे काम जोडीनं चालायचं. एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्या कागदावर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून बघणार. वाचणारा नुसते शब्द म्हणत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, आकडे सुटे सुटे, सगळं म्हणतो. भोंग्याचा आवाज असा की यंत्रं धडधडत असतानाही प्रत्येक अक्षर माझ्यापर्यंत पोहोचायचं. मला तर चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्यामुळे वाटणी पहिल्या दिवशीच ठरून गेली. तो बोलायचा, मी बघायचो.

आम्ही कामाला लागलो तेव्हा आमच्या म्हाताऱ्या हेडने एकच गोष्ट पक्की शिकवली होती. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थात गुंतलात की डोळा चुकीवरून घसरून पुढे जातो. आम्ही ते इतकं अंगात मुरवलं की कायद्याची पुस्तकं, मतदारांच्या याद्या, कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कविता, सगळं एकाच सुरात वाचत गेलो. शेवटची दहा वर्षं औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते माहितीचे कागद यायचे. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं, कागदाच्या दोन्ही बाजू गच्च. भोंगा खणखणीत आवाजात म्हणायचा, “झटके येणे स्वल्पविराम, अंधत्व स्वल्पविराम, मृत्यू पूर्णविराम. आई गं, चहा आला वाटतं!” आणि आम्ही चहा प्यायचो.

दर वर्षी छापखान्यातल्या सगळ्यांची तपासणी व्हायची. भोंगा सत्तावन्नचा असताना त्याचं कोलेस्टेरॉल खूप चढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला गोळी लिहून दिली. तीन महिने त्याने ती मुकाट्याने घेतली. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने खोक्यातला कागद खिशातून काढला आणि टेबलावर उलगडला.

“चष्म्या, जिना चढताना पोटऱ्या भरून येतात रे हल्ली. बघ बरं यात काय म्हटलंय.”

मी कागद डोळ्यांजवळ नेला. “हा आपल्याकडे छापलेला नाही. अक्षरांचं वळण वेगळं आहे.”

“आपल्याकडचा नसला म्हणून वाचायला बंदी आहे का? आण इकडे, मी म्हणतो. तू बघ.”

आणि तो उभा राहून वाचायला लागला. त्याचा आवाज चढला तसे बांधणी खात्यातल्या बायका डबे हातात घेऊन आल्या, यंत्रावरचे दोघे आले.

“स्नायू दुखणे स्वल्पविराम, सांधे दुखणे स्वल्पविराम, मळमळ स्वल्पविराम, विस्मरण कंस सुरू क्वचित कंस बंद...”

“क्वचित कुठलं? रोज छत्री विसरून जाता की!” बांधणीतल्या ताई म्हणाल्या.

“ताई, छत्री मी गोळीच्या आधीपासून विसरतोय. तो माझा मूळ आजार.”

“आणि ऐका हो, केस गळणे आहे का त्यात?”

“आहे.”

“मग तुम्हाला काय भीती? गळायला उरलंय काय!”

सगळे हसत होते. मीही हसत होतो. आणि का कोण जाणे, मलाही काहीतरी बोलावंसं वाटलं. माझ्या खणात पितळी पट्टी असायची, रकाने मोजायची. ती मी काढली. या गोळीचा उपयोग कशासाठी, हा मजकूर वरच्या बाजूला होता: रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणे, हृदयविकाराचा धोका कमी करणे. तो मोजला. मग त्रासाचे रकाने एकाखाली एक धरून मोजले. सगळे बघत होते.

“फायदा सव्वा इंच,” मी जाहीर केलं. “त्रास साडेअकरा इंच.”

असा हशा पिकला की वरच्या मजल्यावरून मॅनेजर डोकावले. बांधणीतल्या ताई म्हणाल्या, “अगंबाई, यांना बोलता येतं!” माझ्या बोलण्यावर माणसं अशी खळखळून हसली, हे माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा घडलं. त्याची गोडी मला अजून आठवते, आणि आठवली की माझी मलाच किळस येते.

सुट्टी संपली, सगळे पांगले. भोंगा खुर्चीत बसला. आता त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

“मस्करी सोड. घेऊ का नको?”

मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंना जाऊन विचार, पाय दुखतात म्हणून सांग, असं म्हणायला हवं होतं. एरवी साध्या जोडाक्षराची खात्री करायला मी तीन कोश उघडून बसायचो. पण त्या दिवशी मघाच्या हशाची नशा माझ्या डोक्यात होती.

“छापणारा जागा फुकट घालवत नसतो,” मी म्हणालो. “साडेअकरा इंच त्यांनी उगाच दिलेत का? मी असतो तर नसती घेतली.”

“झालं तर मग,” तो म्हणाला. उरलेल्या गोळ्यांची पट्टी त्याने टेबलाखालच्या रद्दीच्या टोपलीत टाकली आणि पुढचं प्रूफ ओढलं. “चल. पान चार. ओळ पहिली.”

त्याचे पाय दुखायचे थांबले. तो मला दहादा म्हणाला, “तुझे उपकार आहेत बघ.” त्याच आठवड्यात आमचं टेबल तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं होतं आणि जिना चढायचं कामच उरलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. ते मला कळलं तो गेल्यावर.

तो दीड वर्षाने गेला. रविवारी सकाळी दाढी करायला न्हाव्याच्या दुकानात बसला होता. न्हावी जुना, ओळखीचा. एका गालाची दाढी होईपर्यंत भोंगा कसलीशी गंमत सांगत होता. मग गप्प झाला. न्हाव्याला वाटलं, डुलकी लागली. झोपमोड नको म्हणून त्याने हलक्या हाताने दुसरा गाल पूर्ण केला, फेस पुसला, आणि मग खांद्याला हात लावला. ही हकिगत त्या न्हाव्याने मला स्वतः सांगितली, आणि सांगताना पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मला कसं कळलं नाही हो? मला कसं कळलं नाही?” मी त्याला म्हणालो, तुमचा काय दोष. हे मी त्याला अगदी सहज म्हणू शकलो.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. खोलीत दहा-बारा माणसं होती. वहिनींना कपाटात डॉक्टरांचा कागद सापडला होता आणि औषधवाल्याकडून कळलं होतं की दीड वर्ष गोळ्या नेल्याच नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

“भाऊजी, तुम्ही तर दिवसभर त्यांच्याबरोबर असायचात. तुम्ही सांगितलंच असेल ना हो त्यांना, घेत जा म्हणून?”

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. माझी मान हलली. मी हलवली असंही म्हणता येईल. पुढे काहीच बोललो नाही, पण तेवढंच पुरलं. वहिनी बाकीच्यांना म्हणाल्या, “बघा, भाऊजींनी किती समजावलं असेल. पण हे कुणाचं ऐकतील तर शपथ!”

त्यानंतर नऊ वर्षं त्या हेच सांगत आल्या, आणि मी ते ऐकत आलो. दर वेळी थोडी भर पडायची. भाऊजी तर त्यांच्या हातापाया पडले. भाऊजींनी गोळी पाण्यासकट हातात दिली तरी यांनी घेतली नाही. मी खाली बघायचो. लोकांना वाटायचं, माणूस भिडस्त आहे.

तो गेल्यावर महिन्याभराने मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं रक्त तपासलं. माझंही वाढलेलं होतं, भोंग्याएवढं नाही, पण वय, रक्तदाब सगळं धरून बाईंनी तीच गोळी लिहून दिली. भोंग्याने गोळी सोडली होती ते मी सांगितलं, त्याचा माझ्या खणात राहिलेला कागद खिशातून काढला आणि साडेअकरा इंचांबद्दल विचारलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

“हे बघा, गोळी घेणाऱ्यांना काय काय झालं, ते त्यांना या कागदावर लिहावं लागतं. दहा हजारांत एकाला झालं तरी एक ओळ, दहांत एकाला झालं तरी एकच ओळ. मोठा आकार लहान आकार असं काही नाही. आणि फायदा कितीही जणांना झाला तरी तो एका ओळीतच संपतो. तुम्ही तो पट्टीने मोजलात तर कसं व्हायचं?”

मी कागदाची घडी केली.

“शिवाय जे झालं नाही ते कोण छापणार? मी रोज साठ माणसं बघते. आजवर एकानेही दारातून आत येऊन सांगितलं नाही, की बाई, आज मला झटका आला नाही बरं का!”

“पण पाय दुखत होते त्याचे,” मी म्हणालो.

“मग यायचं होतं माझ्याकडे. पुष्कळदा ते दुखणं गोळीचं नसतंच. असलंच तर डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते. काहीच न सांगता सोडून द्यायची म्हणजे काय?” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “कुणाच्या तरी सांगण्यावरून सोडली असणार. असंच होतं.”

मी विचारलं, “घेतली असती तर तो वाचला असता?”

“ते मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांच्यासारखी शंभर माणसं इथे ओळीने बसवा. गोळी रोज घेतली, वर्षानुवर्षं घेतली, तर त्यांतली काहीजण झटक्यातून सुटतील, हे नक्की. कोणती सुटतील, ते मला आधीही कळत नाही आणि नंतरही कळत नाही.”

त्या दिवसापासून मी गोळी घेतोय. मला एकही त्रास झाला नाही. आणि बाईंचं ते शेवटचं वाक्य मी इतकी वर्षं पांघरुणासारखं अंगावर ओढून बसलो. नंतरही कळत नाही. म्हणजे माझ्यामुळेच तो गेला असं कोणी म्हणू शकत नाही. मीही नाही. मला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत शंका काढायची खोड आहे. लोक त्याला माझा प्रामाणिकपणा समजतात. या एका बाबतीत मात्र शंकेत फार सुख होतं.

गेल्या मंगळवारी दुपारी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. आधी कळवलं नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात, तीन जिने चढून आल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवून जागा करून दिली.

“भाऊजी, पोरीला पत्र का नाही लिहिलंत?”

“लिहायचंय. थोडं...”

“थोडं काय? चौदा महिने झाले! परवा तिच्या मानेच्या रक्तवाहिनीचा फोटो काढला. आत थर साचायला लागलाय म्हणे. बेचाळिसाव्या वर्षी. गोळ्या आणून ठेवल्यात, पण चार दिवस घेते आणि आठ दिवस सोडते. विचारलं तर म्हणते, काकांचं पत्र येऊ दे.”

“तिने डॉक्टरांचं ऐकायला हवं.”

“ते मी सांगून दमले. बापावर गेलीये, कान नाहीतच, नुसतं तोंड.” वहिनींचा आवाज खाली आला. “काल रडली फोनवर. म्हणाली, आई, ही गोळी चांगली असेल तर बाबा उगाच गेले ना गं. गोळी तोंडात टाकली की तेच डोक्यात येतं. मी काय बोलू तिला? तुम्ही शिकलेले, वाचलेले. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर ती ऐकेल.”

मी चहा टाकतो म्हणून उठलो. खरं म्हणजे मला तोंड लपवायचं होतं. स्वयंपाकाचा ओटा त्याच खोलीत आहे, त्यामुळे तेही नीट जमत नाही. चहाच्या डब्याशेजारी माझ्या गोळ्या असतात. वहिनी कप घ्यायला मागोमाग आल्या आणि त्यांनी पट्टी उचलली. डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं.

“हीच तर आहे तिची.”

“हो.”

“तुम्ही घेता?”

“घेतो.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं होतील.”

“अहो मग तिला एवढं लिहायला तुमचं काय जातं?” वहिनींना खरंच हसू आलं. “घेतो मी रोज, काही होत नाही, तूही घे. एवढं तर लिहायचंय!”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. पुसायला फडकं घेतलं आणि ते हातात धरूनच उभा राहिलो.

“वहिनी, मी त्याला घे म्हणालो नव्हतो.”

“म्हणजे?”

“त्याने विचारलं होतं. घेऊ का नको, असं सरळ विचारलं होतं. मी नको म्हणालो. मी असतो तर नसती घेतली, असं म्हणालो. त्याने तिथल्या तिथे टाकून दिली.”

मी पितळी पट्टीचं सांगितलं, इंचांचं सांगितलं, लोक हसले ते सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर भोंग्यासारखं, विरामचिन्हांसकट सगळं म्हणून टाकलं. वहिनी ओट्याला टेकून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी हातातली गोळ्यांची पट्टी उलटून पुन्हा पाहिली.

“त्यांना नको म्हणालात,” त्या म्हणाल्या. “आणि ते गेल्यावर स्वतः घ्यायला लागलात.”

“हो.”

“आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?”

“मान हलवली.”

“सगळ्यांसमोर.”

“हो.”

त्यांनी पट्टी होती तिथे ठेवली, अगदी तशीच, डब्याला टेकवून. मला वाटत होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नऊ वर्षं मी त्यांना बोल लावतेय,” वहिनी म्हणाल्या. “रोज. एकटीच असते ना घरात. भांडी घासताना, अंथरूण घालताना. भाऊजी एवढं कळवळून सांगत होते, तुम्हाला ऐकायला काय झालं होतं, बायकोपोरीचा विचार नाही केलात. असं रोज म्हणते मी त्यांना. आणि ते तर ऐकलेच होते. तुमचं ऐकलं त्यांनी.” मग अगदी साध्या आवाजात, वाट विचारावी तसं त्यांनी विचारलं, “आता ते सगळं मी परत कसं घेऊ?”

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

“डॉक्टर म्हणाल्या होत्या, की घेतली असती तरी...” मी सुरुवात केली.

“ते राहू द्या,” त्या म्हणाल्या.

चहा न घेताच त्यांनी पिशवी उचलली. मी जिन्यापर्यंत गेलो. हात पुढे केला तर त्यांनी कठडा धरला. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

“तिला लिहा. मला सांगितलंत तसंच लिहा. तिला तिच्या बापाचा राग यायला नको. तुमचा आला तर येऊ दे.”

गेली पस्तीस वर्षं ‘येते भाऊजी’ म्हटल्याशिवाय त्यांनी माझा निरोप कधी घेतला नव्हता. मी वरच उभा राहिलो. तीन जिने उतरायला त्यांना फार वेळ लागला.

खोलीत येऊन मी लिहायला बसलो. या वेळी लाल पेन घेतलं नाही.

‘तुझं म्हणणं बरोबर आहे. बाबांनी तुला जे सांगितलं तेच खरं. त्यांनी मला विचारलं आणि मी नको म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. लोक हसले म्हणून मी शहाण्यासारखा बोललो. तुझ्या आईला मी नऊ वर्षं खोटं तेच खरं वाटू दिलं. आज तिला सांगितलंय.

‘बाबा हट्टी नव्हते. ज्याच्यावर सव्वीस वर्षं विश्वास टाकला त्याचं त्यांनी ऐकलं, एवढंच. ते उगाच गेले का, असं तू आईला विचारलंस. मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही ठाऊक नाही. गोळी घेऊनही ते गेले असते, किंवा आज तुझ्याकडे येऊन तुझ्या नकाशांतल्या चुका काढत बसले असते. यातलं कोणतं, ते कधीच कळणार नाही. ही शंका मी इतकी वर्षं माझ्या सोयीसाठी वापरली. तू तुझ्या जिवासाठी वापरू नकोस. शंभरांतले काहीजण वाचतात हे नक्की आहे, आणि तू त्यांतली एक असू शकतेस.

‘मी स्वतः ही गोळी रोज घेतो. तुझ्या बाबांना नको म्हणालेला माणूस नऊ वर्षं घेतोय, हे वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे. पण तूही घे. पाय दुखले, काही झालं, तर डॉक्टरांना जाऊन सांग. मला विचारू नकोस. कुणी नको म्हणालं तर त्याला आधी विचार, तुला कसं माहीत? हे तुझ्या बाबांनी मला विचारलं नाही, कारण त्यांना वाटायचं मला सगळं माहीत असतं.’

यानंतर काय लिहायचं ते सुचेना. क्षमा कर असं लिहावंसं वाटलं. पण ते लिहिलं असतं तर तिला पुन्हा मला काहीतरी द्यावं लागलं असतं. म्हणून फक्त सही केली.

टपाल कचेरी संध्याकाळी पाचला बंद होते. मी पाच वाजायला वीस मिनिटं असताना पोहोचलो. खिडकीत मधल्या वयाच्या बाई होत्या, बोटाला रबरी टोपी घातलेल्या. त्यांनी पाकीट वजनावर ठेवलं, उलटलं, आणि परत माझ्याकडे सरकवलं.

“आजोबा, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही यावर.”

“लागतो का?”

“रजिस्टर आहे ना, लागतोच. नाही मिळालं तर परत कुठे पाठवायचं? आणि समोरच्याला उत्तर द्यायचं असलं तर?”

मागे तीन माणसं उभी होती. पेन दोरीने बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती, त्यामुळे मला खिडकीशी वाकावं लागलं. मी माझं नाव लिहिलं. त्याखाली घर क्रमांक, मजला तिसरा, रस्ता. वाकून लिहिलं तरी अक्षर लागण्यासारखं आलं.

बाईंनी एकदा वाचून खात्री केली, दोन शिक्के मारले, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

“पुढचे कोण?” त्या म्हणाल्या, आणि मी बाजूला झालो.